उसनवार

मराठी माणसाने पैशाच्या देवघेवीसाठी शब्दांची कंजुषी केलेली नाही. आपण कर्ज काढतो, ऋण फेडतो, उधारी थकवतो, दागिना गहाण टाकतो, आणि कोणी फारच जवळचा असला तर त्याच्याकडून हातउसने घेतो. परंतु वाटीभर साखर, दोन कांदे, चमचाभर विरजण किंवा पाहुणा दारात उभा असताना लागलेले कपभर दूध, यांतल्या कशालाही कर्ज म्हणावे असे कोणाला कधी वाटले नाही. त्यासाठी भाषेने एक धाकटा, घरगुती शब्द राखून ठेवला : उसने. कर्जाला कागद लागतो, उधारीला वाण्याची वही लागते. उसन्याचे काम एका वाटीवर आणि दोन उंबरठ्यांवर भागते.

वही नसली तरी नियम मात्र कडक असत. साखर ज्या वाटीने आणली त्याच वाटीने परत करायची. आणताना वाटी सपाट असेल, तर देताना शीग भरून द्यायची. शेजारणीचे भांडे रिकामे पाठवायचे नाही. काही नसेल तर निदान कढीलिंबाची काडी तरी त्यात टाकायची. तिन्हीसांजेनंतर मीठ आणि विरजण मागायचे नाही. एकाच घरी एका आठवड्यात दोनदा जायचे नाही. आणि सर्वांत मोठा नियम हा, की देणारणीने “कशाला हवी?” असे विचारायचे नाही. हे नियम कोणी लिहिले नव्हते. पण परकरातल्या पोरीपासून माळ ओढणाऱ्या म्हातारीपर्यंत ते सगळ्यांना पाठ होते.

माझे लहानपण साताऱ्यातल्या एका वाड्यात गेले. मालक धरून नऊ बिऱ्हाडे, मधे चौक, चौकात नळ. वाड्याचे गोडवे गाण्याची आपल्याकडे एक रीत पडून गेली आहे. त्या रीतीला मी भिते. त्या नळावर जी भांडणे मी ऐकली, त्यांतल्या शब्दसंपत्तीवर पुढे माझ्या दोन कादंबऱ्यांतली पात्रे पोसली गेली. तिथे कोणाच्या घरी काय शिजते ते सगळ्यांना कळे, आणि कोणाच्या घरी काय शिजत नाही तेही कळे. ही दुसरी गोष्ट जाचक होती, आणि तीच उपयोगाचीही होती.

वाड्याचा हिशेब मला फार उशिरा, स्वतःचा संसार हाती आल्यावर उमगला. त्या नऊ बिऱ्हाडांतल्या कोणाचा पगार एक तारखेला होई, कोणाचा सातला. एका आजोबांची पेन्शन येई, एका काकांचे हातावरचे पोट होते, आणि मालकांच्या घरी सुगीनंतर शेतावरून जोंधळा येई. म्हणजे सगळ्यांचा महिना एकाच दिवशी संपत नसे. एका घरचा डबा तळाला लागे तेव्हा दुसऱ्या घरचा नुकताच भरलेला असे. साखरेची वाटी चौकात या दारातून त्या दारात फिरे, आणि महिन्याचे शेवटचे पाच दिवस सगळ्यांचे निभावून जात. कमाई कोणाचीच वाढलेली नसे. आहे तीच कमाई थोडी पुढेमागे सरकवून घेतलेली असे, एवढेच.

माझी आजी माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती. रेशनवर मिळणारा लाल मिलो आणि कामावरच्या पोरांना वाटली जाणारी सुकडी यांच्या गोष्टी तिच्याकडून मी इतक्यांदा ऐकल्या आहेत, की त्यांची चव मला न खाताच माहीत झाली. त्यांतली एक गोष्ट मात्र ती फार हळू आवाजात सांगे. दुपारी जेवायची सुट्टी झाली, की त्यांच्या टोळीतल्या बाया आपापली शिदोरी सोडीत नसत. एक मोठे फडके पसरायचे, सगळ्यांनी तोंड फिरवून आपल्या भाकरी त्यात टाकायच्या, आणि मग टोळीतल्या थोरल्या बाईने त्या मोडून सगळ्यांना सारख्या वाटायच्या. “तोंड कशाला गं फिरवायचं?” असे मी एकदा विचारले. आजी म्हणाली, “कुणी टाकली आन कुणी नुसताच हात फिरवला, ते दिसू नये म्हणून.”

आजीचे हे एक वाक्य मला काटकसरीवरच्या सगळ्या उपदेशाहून मोलाचे वाटते. मदत करणे फारसे अवघड नसते. घेणाऱ्याची मान खाली न जाऊ देता मदत करणे, हे खरे अवघड. आपल्या जुन्या बायकांनी या अवघड कामासाठी वाटी, फडके, वाण, फराळाचे ताट अशी साधी साधने शोधून काढली होती.

इथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. आमच्या वाड्यातली वाटी सगळ्याच उंबरठ्यांवर जात नव्हती. नळावर सर्वांत आधी हजर असणाऱ्या, वाड्याची झाडलोट करणाऱ्या बाईला दिवाळीत फराळ मिळे, पण तो कागदात बांधून आणि वरून सोडलेला. तिच्या घरची वाटी आमच्या चौकात कधी आली नाही, आणि तिने शीग भरून काही परत करावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. जिथे परतफेड घ्यायची तयारी नसते तिथे उसनवार होत नाही. तिथे दान होते, आणि दान घेणाऱ्याला वाकावेच लागते. म्हणून ‘जुने ते सोने’ म्हणताना मी जरा थांबते. त्या सोन्यात हा डाग होता.

पुढे वाडा पडला. त्या जागी चार मजल्यांची इमारत उभी राहिली, आणि तिच्यातच आमच्या वाट्याला दोन खोल्या आल्या. आता सोळा बिऱ्हाडे, सोळा बंद दारे आणि सोळा घंटा. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. दोन गल्ल्या सोडून एक बालवाडी आहे, तिथे मी शिकवते. मुलांना वीसपर्यंत अंक शिकवायचे आणि घरी आल्यावर त्यांच्यापुढच्या अंकांशी झुंजायचे, असा माझा गणिताचा व्यासंग आहे. २०१५ च्या दिवाळीत तुरीची डाळ किलोला दोनशेच्या वर गेली होती. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली. गॅसचा सिलिंडर २०२३ च्या ऑगस्टमध्ये दोनशे रुपयांनी उतरला, २०२४ च्या मार्चमध्ये आणखी शंभराने उतरला, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पन्नासाने पुन्हा चढला. २०२४ च्या सप्टेंबरात खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढले आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर तेल भडकले. भाव चढताना घोड्यावर असतात आणि उतरताना काठी टेकीत येतात, हे गृहिणीला कोणी शिकवावे लागत नाही.

अशा वेळी बाई काय करते? ती आपल्या चार भिंतींत काटकसर करू लागते. डाळ आधी भिजत घालते, म्हणजे शिट्ट्या कमी लागतात. कुकरमध्ये डाळ, भात आणि बटाटे एकावर एक रचते. कालच्या पोळीचा कुस्करा होतो, भाताला फोडणी बसते, पुरणाच्या कटाची आमटी होते, जुन्या साडीची गोधडी होते. हे सगळे मीही करते, आणि त्यात एक प्रकारचे कौशल्य आणि आनंदही आहे. परंतु एकट्या घराच्या काटकसरीला तळ असतो. पोळीचा कुस्करा करायला आधी पोळी उरावी लागते. तो तळ लागला, की काटकसर संपते आणि चिंता सुरू होते. आणि चिंता ही अशी वस्तू आहे, की दार बंद करून ठेवली तर ती वाढतेच.

हे मी आमच्याच जिन्यात पाहिले. २०२१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपे राहत होते. मुलगी गोड, हसतमुख, भेटली की “काय काकू, लिहिणं काय म्हणतंय?” असे विचारणारी. एके दिवशी दुपारी माझ्या फोनवर एक परका आवाज आला आणि तिचे नाव घेऊन नको ते बोलू लागला. तसाच फोन आणखी तिघींना आला. मग सारे बाहेर आले. नवऱ्याचा पगार निम्म्यावर आला होता. घरभाडे चुकू नये म्हणून तिने मोबाईलवरच्या कुठल्याशा कंपनीकडून आठ हजार रुपये घेतले होते. ते फेडायला दुसरीकडून, दुसरे फेडायला तिसरीकडून. तिच्या फोनमधले सगळ्यांचे नंबर त्या लोकांनी आधीच उचलून घेतले होते, आणि आता तिची अब्रू घरोघर फोन करून विकायला काढली होती.

ती माझ्या स्वयंपाकघरात बसून रडत होती. मी तिच्यापुढे चहा ठेवला आणि विचारले, “अगं, आम्हाला कुणाला तरी विचारायचं होतंस.”

ती म्हणाली, “मागायची लाज वाटली, काकू.”

हे उत्तर माझ्या मनात खोल जाऊन बसले. ज्याचे तोंडही पाहिले नाही अशा माणसाकडून ती पैसे घेऊ शकली. ज्या बाईबरोबर रोज जिना उतरते तिच्याकडे मात्र मागू शकली नाही. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या पिढीला मागण्याची रीतच कोणी शिकवलेली नाही. वाटी घेऊन शेजारी गेलेली पोर पहिल्या दिवशी लाजते, चौथ्या दिवशी शीग भरलेली वाटी परत देऊन येते आणि मोकळी होते. मागणे आणि फेडणे यांची अशी लहानपणी सवय झालेली असली, की मोठेपणी मागताना जीभ जड होत नाही. साखर संपण्याआधी दारात आणून टाकणारी दुकाने आली, हे चांगलेच झाले. पण त्यांनी ही शाळा बंद केली.

मार्ग मात्र निघाला. पोलिसांत तक्रार नोंदवायला आम्ही दोघी तिच्याबरोबर गेलो. आणि पैशासाठी आमची भिशी उपयोगी पडली. बारा जणी, महिना पाचशे रुपये. म्हणजे दर महिन्याला सहा हजारांची रक्कम, आणि चिठ्ठीत नाव निघेल तिची ती. ती मुलगी भिशीत नव्हतीच. त्या महिन्यात नाव निघालेल्या आजींनी आपली चिठ्ठी हातात धरून म्हटले, “मला तरी आत्ता कुठं मंगळसूत्र घडवायचंय? हिला तेरावी करून घ्या, माझी पाळी मागे ढकला.” शब्द एवढेच. त्यात ना उपकार, ना उपदेश. पुढे त्या मुलीने एकही हप्ता चुकवला नाही, आणि आजींची पाळी आली तेव्हा रकमेबरोबर घरी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा नेऊन दिला. ही शीग!

त्याच्या आदल्या वर्षी, २०२० च्या टाळेबंदीत, आमच्या इमारतीने आणखी एक धडा गिरवला होता. सगळी बिऱ्हाडे पाव-पाव किलोने महाग माल आणीत होती. कोणीतरी सुचवले, की गव्हाची पोती, डाळ आणि तेलाचे पंधरा किलोचे डबे एकदम आणावेत आणि खाली वाहनतळात वाटून घ्यावेत. तळमजल्यावरच्या वहिनींच्या यजमानांची रिक्षा तीन महिने दारात उभी होती. त्यांच्या घरी चूल कशी पेटते हे सर्वांना कळत होते, आणि नुसता शिधा नेऊन दिला तर त्या घेणार नाहीत हेही कळत होते. तेव्हा आम्ही मापाचे काम त्यांच्याकडे दिले. वजनकाटा त्यांचा, पिशव्या भरणे त्यांचे, हिशेबाची वही त्यांची. आणि प्रत्येक घराने मापाई म्हणून ठरलेला वाटा त्यांना द्यायचा. पहिल्या दिवशी त्यांनी काटा इतका काटेकोर धरला, की मला दोन दाणे जास्त गेले ते त्यांनी काढून घेतले. मला फार बरे वाटले. उपकाराखाली दबलेले माणूस असे दाणे काढून घेत नाही.

हे काही आम्हीच शोधून काढले नव्हते. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावातल्या सात बायका एका गच्चीवर पापड लाटायला बसल्या, त्या ऐंशी रुपये उसने घेऊन. त्यांच्या त्या पापडांचे पुढे लिज्जत पापड झाले, ही गोष्ट आता घरोघर माहीत आहे. गिरणगावात खानावळ चालवून कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका स्वतः मात्र सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि एकीला दुसरीच्या हमीवर बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्याच वर्षी सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारची कुटुंबे जोडून एकत्र खरेदीची आणि घरोघर वाटपाची पद्धत बसवली. ही सगळी मोठी कामे. पण त्यांच्या मुळाशी मला तीच वाटी दिसते. जिच्याकडे गहाण टाकायला सोने नाही, तिच्याकडे शेजारीण असते. ही शेजारीण हीच तिची पत.

एवढे सांगितल्यावर कोणी म्हणेल, की मग महागाईची चिंता कशाला? बायका एकमेकींना सांभाळून घेतील! असे म्हणणाऱ्याला मी १९७२ सालचा लाटणे मोर्चा आठवून देईन. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या बायका महागाईविरुद्ध समिती करून उभ्या राहिल्या, आणि मुंबईच्या रस्त्यांवर हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन थाळ्या बडवीत निघाल्या. घरात पोळी लाटणारे लाटणे रस्त्यावरही चालते, हे त्यांनी दाखवून दिले. शेजारधर्म हा भाव चढवणाऱ्यांना मिळालेला परवाना होऊ नये. उसनवारीने महिना निभावतो. भाव उतरत नाहीत. त्यासाठी निराळा आवाज काढावा लागतो, आणि तोही एकटीने काढून चालत नाही.

बालवाडीत मी हल्ली रोज अंगतपंगत करते. पूर्वी शनिवारी करीत असे. २०२३ मध्ये भाज्या कडाडल्या तेव्हा काही मुलांच्या डब्यात पोळीसाखर येऊ लागली, काहींच्या डब्यात नुसती बिस्किटे. एक चिमुरडा डबा उघडायचाच नाही. “भूक नाही” म्हणून भिंतीकडे तोंड करून बसायचा. चार वर्षांच्या पोराला भूक नाही! मग मी आजीचे फडके आणले. मोठे सुती फडके पसरायचे, गोल बसायचे, डोळे मिटून एक गाणे म्हणायचे आणि गाणे चालू असताना सगळ्यांनी आपला डबा मधल्या ताटांत रिकामा करायचा. मग बाई वाटणार. मुलांना हा खेळ फार आवडतो. त्या चिमुरड्याने पहिल्या दिवशी ताटात काय टाकले ते मी पाहिले नाही. माझेही डोळे मिटलेले होते.

परवा आमच्या वाहनतळात चकल्यांचा घाणा लागला होता. चकलीचे एक अर्थशास्त्र आहे, ते जाता जाता सांगून टाकते. भाजणीचे प्रमाण घरोघर वेगळे. आमच्याकडे चार वाट्या तांदळाला दोन वाट्या हरभऱ्याची डाळ आणि एक वाटी उडदाची. वर धने, जिरे. पण प्रमाण कोणाचेही धरा, कढईत तेल मात्र चकली बुडेल इतके घालावेच लागते. मग चकल्या वीस असोत की दोनशे. सहा घरांनी सहा कढया चढवल्या, तर सहा घरी तळणीचे तेल उरते आणि ते संपवायचे कसे याची सहा घरी चिंता उरते. म्हणून सहा घरांची भाजणी, एक कढई, एक शेगडी. सोऱ्या तळमजल्यावरच्या वहिनींचा. वहिनींची रिक्षा आता पुन्हा धावते, पण मापाचा काटा त्यांनी कोणाला दिलेला नाही. कडबोळी वळायला वरच्या मजल्यावरची मुलगी. आणि काटा नीट आला की नाही हे सांगायला भिशीतल्या आजी खुर्चीवर. इमारत झाडायला येणारी बाईही यंदा सोऱ्या फिरवायला बसली. तिच्या भाजणीत ओवा जास्त होता. तिच्या चकल्या सर्वांत आधी संपल्या, आणि पुढच्या वर्षी आपणही तसाच घालायचा, असे तिथल्या तिथे ठरले.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा तुमच्या घरीही तळणीचा वास दरवळत असेल, आणि फराळाची ताटे रुमालाखाली झाकून दारोदार निघाली असतील. शेजारच्या दाराची घंटा वाजवा. ताट द्या. आणि त्यांचे ताट तुमच्याकडे आले, तर “कशाला एवढं?” म्हणू नका. घ्या, आणि ते परत धाडताना रिकामे धाडू नका. उद्या एखादे वेळी त्याच दारात वाटी घेऊन उभे राहायची पाळी कोणावर येईल, तुमच्यावर की त्यांच्यावर, हे काही सांगता येत नाही. आणि ज्या दारातून ताट गेले-आले आहे, त्या दारात वाटी घेऊन जायला पाय अडखळत नाहीत.